वजनकाट्याचा कौल

‘पेशंट जाड आहे, ओपनच करू.’ प्लीहा काढायचे ठरले की हे वाक्य आपल्या थिएटरांत अजूनही सर्रास ऐकू येते. १९९१ च्या सुमारास दुर्बिणीतून प्लीहा काढायला सुरुवात झाली, तेव्हा ते समजण्यासारखे होते. आज नाही. ज्याच्या पोटावर चार बोटे चरबी, त्याचीच मोठ्या छेदाची जखम चिघळते, त्यालाच पुढे हर्निया होतो, तोच दुखण्यापायी खोल श्वास घेत नाही. दुर्बिणीचा सर्वाधिक फायदा ज्याला, त्यालाच आपण ती नाकारतो.

अडचणी आहेतच. रुग्णाला उजव्या कुशीवर घेऊन टेबलाचे डोके वर केले तरी जड ओमेंटम समोरून हलता हलत नाही. हायलमच्या चरबीत रक्तवाहिन्या आणि स्वादुपिंडाचे शेपूट दोन्ही बुडालेले. हे शेपूट बहुतेकांत प्लीहेपासून जेमतेम सेंटिमीटरभर दूर असते. स्टेपलरच्या जबड्यात काय आले ते दोन्ही बाजूंनी दिसल्याशिवाय तो मिटू नये. याच चरबीत एखादी अतिरिक्त प्लीहा राहून गेली, की आयटीपीचा रुग्ण घसरलेल्या प्लेटलेट घेऊन पुन्हा दारात. वेळ जास्त लागतो, रक्तही थोडे जास्त जाऊ शकते. पण ओपन करण्याची पाळी येते ती वजनापेक्षा प्लीहेच्या आकारामुळे.

बीएमआयवर तर फारच थोडी भिस्त ठेवावी. पोटात तीन किलोची प्लीहा असली की हडकुळ्या माणसाचाही आकडा फुगतो. उलट महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णाचे हातपाय काटकुळे आणि सारी चरबी पोटात. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा २५ वर आणली, हे ठीक. शस्त्रक्रियेआधी कमरेचा घेर आणि सीटी अधिक सांगतात. आणि रक्तविकारतज्ज्ञ मित्रांनो, आयटीपीत प्लीहा काढण्याआधी वर्षभर थांबावे हे मान्य, पण ते वर्ष स्टेरॉइडवर काढू नका.

तेव्हा लांब ट्रोकार मागवून ठेवा. १२० किलोच्या रुग्णाला सेफाझोलिन दोन नव्हे, तीन ग्रॅम द्या. लठ्ठपणा आणि प्लीहा काढणे, दोन्ही रक्ताला गुठळीकडे ढकलतात. म्हणून घरी गेलेला रुग्ण ताप किंवा पोटदुखी घेऊन परतला, तर पोर्टल शिरेचा डॉपलर त्याच दिवशी करा.