तक्रार वर्ज्य, टी-शर्ट अनिवार्य

कारखान्यात कर्मचाऱ्यांचे गट असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जेवणाच्या सुट्टीत चौघं एका डब्याभोवती बसतात आणि कोणाला मेमो मिळणार हे एचआरच्या आधी त्यांना कळतं. पण ते गट बाजूला ठेवा. मी बोलतोय ते 'एम्प्लॉयी रिसोर्स ग्रुप' नावाच्या दिव्य प्रकाराबद्दल. महिलांचा एक, दिव्यांगांचा एक, तरुणांचा एक, 'वेलनेस'चा एक (म्हणजे पोट सुटलेल्यांचा). प्रत्येकाला एक लीडर. लीडर कोण निवडतं? व्यवस्थापन. रिसोर्स किती? शून्य. बाकी नावात काही खोट नाही.

आता या लीडर मंडळींचा मेळावा भरवायचा आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एका कारखान्यात त्याच्या पूर्वतयारीची बैठक होती आणि 'स्थानिक विचारवंत' या सदराखाली मला बोलावलं होतं. कारखान्याचं नाव विचारू नका, चहा चांगला होता.

पहिला तास स्थळावर गेला. पवनीच्या बाजूनं उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात सफारी काढायची, म्हणजे 'टीम स्पिरिट' वाढतं म्हणे. वाघाला कोणी विचारलं नव्हतं. दिव्यांगांच्या लीडरनं एवढंच विचारलं, "रिसॉर्टला पायऱ्या किती आहेत?" उत्तर आलं, "ते इव्हेंटवाले बघतील." आणि लगेच पुढची स्लाइड: 'सर्वसमावेशकता: आमचा श्वास'. हसू नका, मलाही तिथं हसता आलं नव्हतं.

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या बाई कंत्राटी. त्यांनी थांबून विचारलं, "आमचा नंबर लागते का जी त्यात?" खोलीत क्षणभर तात्त्विक पेच उभा राहिला. मग एका साहेबांनी तो सोडवला: "अहो, तुम्ही तर जेवणाच्या काउंटरवर असणारच की!" बाई कप गोळा करून गेल्या. साहेबांचा समावेशाचा कोटा पूर्ण झाला.

कार्यक्रमपत्रिकेत स्वागतगीत, आइसब्रेकर, पुण्याहून येणारा प्रेरक वक्ता, सेल्फी पॉइंट. तळाशी बारीक अक्षरात सूचना: 'वैयक्तिक तक्रारी टाळाव्यात, सूर सकारात्मक ठेवावा.' म्हणजे ज्या कारणासाठी माणसं एकत्र येतात तेवढं सोडून बाकी सगळं. बैलाला भूक लागली का हे न विचारता पोळ्याची झूल शिवायला बसायचं, तसला हा उद्योग.

मौज अशी की हे गट जन्मले तक्रारीतूनच. अमेरिकेत 1964 साली रॉचेस्टर शहरात वंशभेदाच्या रागातून दंगल उसळली. तिथल्या झेरॉक्स कंपनीतल्या कृष्णवर्णीयांनी पुढे बढती आणि पगाराच्या भेदभावावर संघटित होऊन मालकाला टेबलाशी बसवलं, आणि आजचे व्यवस्थापन-पंडित त्यालाच या प्रकाराचं मूळ मानतात. मूळ मानतात आणि टी-शर्ट छापतात.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? साठच्या दशकात पुण्यात, संरक्षण खात्याच्या स्फोटकं-संशोधन प्रयोगशाळेत आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. दीनाभाना नावाच्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यानं विरोध केला, त्याला निलंबित केलं. त्याच्या पाठीशी डी. के. खापर्डे आणि कांशीराम नावाचे सहकारी उभे राहिले. सुट्ट्या परत मिळाल्या. त्या धगीतून कर्मचाऱ्यांची संघटना निघाली आणि 6 डिसेंबर 1978 ला 'बामसेफ' उभी राहिली. पुढचा राजकीय इतिहास सगळ्यांना पाठ आहे. या मंडळींना प्रेरक वक्ता लागला नाही. त्यांचा आइसब्रेकर म्हणजे निलंबनाचा कागद.

आणि स्फोटकांचा विषय निघालाच आहे, तर जवाहरनगरचा आयुध कारखाना आमच्याच जिल्ह्यात आहे. 2021 साली आयुध कारखान्यांच्या कंपन्या करायचं ठरलं, कामगार संघटनांनी बेमुदत संपाची हाक दिली, तर सरकारनं आधी अध्यादेश आणि मग कायदा आणून संरक्षण उत्पादनातल्या संपालाच बंदी घालण्याची सोय केली. 24 जानेवारी 2025 ला त्याच कारखान्यात स्फोट झाला, छत कोसळलं, कामगार ढिगाऱ्याखाली मेले. अशा जिल्ह्यात 'सूर सकारात्मक ठेवावा' हे वाक्य छापायला कातडी केवढी जाड लागत असेल?

पण आमच्या साहेबांना कायदा आवडत नाही असं कोण म्हणतं? फक्त आवडीनिवडी आहेत. 100 कामगार असतील तिथं कामगार आणि मालक यांची संयुक्त कार्यसमिती नेमायला सरकार सांगू शकतं, ही तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात आली. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. दहा जणांच्या कार्यालयातही लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हा 2013 चा कायदा. 50 कर्मचारी असतील तर पाळणाघर, ही 2017 ची सुधारणा. या समित्यांची बैठक कधी झाली म्हणून मी विचारलं. कागदपत्रांचे धनी खिडकीबाहेर पाहू लागले. महिलांच्या लीडरकडे मात्र रांगोळी स्पर्धेची जबाबदारी आली होती. पाळणाघराची खोली स्टोअरला दिली आहे, हे तिनं मला नंतर जिन्यात सांगितलं. सभागृहात सांगता येत नव्हतं, सूर बिघडला असता.

माझा पर्याय मी लेखी दिला. सफारी रद्द करा. लीडर गटानं स्वतः निवडावा, चिठ्ठ्या टाकून. कंत्राटी माणसांना मत द्या. अर्धा दिवस भरपगारी सोडा, कॅन्टीनचं दार लावा, साहेबांनी बाहेर थांबावं. कोणी काय बोललं याचा अहवाल वक्त्यानं नव्हे, त्यांनीच लिहावा, आणि कार्यसमितीनं एक महिन्याच्या आत लेखी उत्तर द्यावं. उरलेल्या पैशातून स्टोअरमधला माल हलवा आणि खोली मुलांना परत द्या. यावर एचआरकडून मेल आला: सूचना अत्यंत मौलिक आहेत, पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात त्यांचा जरूर विचार करू, तूर्त टी-शर्टचा साइज कळवावा.