झुलणारी शेगडी

माझ्या पुतणीला बारावीनंतर नौकांचं डिझाइन शिकायचंय. "दिलसुखनगरात राहून नौका?" दादा वैतागला. तिने काढलेली शिडाची नौका मी पाहिली. ऐसपैस दिवाणखाना, भलामोठा पलंग. म्हटलं, "बंदरात उत्तम! पण समुद्रात नौका कलली की मोकळ्या जागेत माणूस या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटेल."

लांबच्या प्रवासाचा आराम वेगळा असतो. बिछाना अरुंद हवा, तोही मधोमध आणि खाली. तिथे हेलकावे कमी. पडू नये म्हणून कडेला कापड ताणून बांधतात. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली, त्यामुळे नौका कलली तरी भाताचं पातेलं सरळ. धरायला पावलोपावली दांडे. तळाला जड वजन, म्हणून कललेली नौका पुन्हा उभी राहते.

गोव्यात बांधलेल्या ५५ फुटी 'तारिणी'तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. त्यांतली ऐश्वर्या बोड्डपाटी आपल्या हैदराबादचीच! हे मी मुद्दाम दादाला ऐकू जाईल असं सांगितलं.

काल पुतणी पलंग खोडून नव्याने आखत होती. दादा शेजारी बसून विचारत होता, "मग फ्रीज कुठे ठेवणार?"