गिटार झकास, पण गाणारी कुठंय?

बाल्कन लोकगीत आणि जॅझ फ्यूजन गिटार हे मिश्रण एकदा कानात शिरलं की लवकर निघत नाही. मॅसिडोनियाचा व्लात्को स्तेफानोव्स्की हा त्यातला बडा वादक. १९७६ मध्ये स्कोप्ये शहरात सुरू झालेल्या त्याच्या बँडचं नाव होतं ‘लेब इ सोल’, म्हणजे चक्क भाकरी आणि मीठ! ‘योवानो, योवान्के’ हे तिथलं घरोघरचं गाणं तो गिटारवर वाजवतो, तेव्हा आपल्याला अगदीच परकं वाटत नाही. त्याच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा पडतात. आपला रूपकच की!

गाण्यातली योवाना वर्दार नदीकाठी पांढरं कापड धूत बसलीय. आई तिला प्रियकराकडे जाऊ देत नाही. गिटारवर हे सारं सुरात येतं, हुरहूर लावतं, पण योवाना फक्त शीर्षकापुरती उरते.

माझी तक्रार आहे ती इथेच. बल्गेरिया, मॅसिडोनियाच्या खेड्यांत जुनी वाटणीच होती. गायदा (कातडी पिशवीत हवा भरून वाजवायचं वाद्य) आणि कावल ही बासरी पुरुषांकडे, गाणं बायकांकडे. वाद्य धरायला हात रिकामे लागतात हो! कापणी करता करता गाता मात्र येतं. सोफियाजवळच्या बिस्त्रित्सा गावातल्या आज्या अजून तशा गातात. काहीजणी एक सूर धरून ठेवतात, बाकीच्या त्याला अगदी खेटून चाल गातात. सुरांची ती घासाघीस मुद्दाम केलेली असते. युनेस्कोने २००५ मध्ये या गायकीला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं.

मग फ्यूजन येतं. बायकांच्या गळ्यातली चाल गिटारच्या तारेवर चढते आणि अल्बमवर छापलं जातं ‘पारंपरिक’. त्या एका शब्दात किती आज्या कोंबायच्या? गाणं कुठल्या गावात, कुणाकडून ऐकलं, एवढं तरी लिहा ना. फ्यूजन नको असं मी मुळीच म्हणत नाही. नाहीतर यातलं काही आपल्यापर्यंत पोचलंच नसतं.

आणि गाणारीला सोबत घेऊनही हे जमतं. केट बुशने १९८९ च्या ‘द सेन्शुअल वर्ल्ड’ या अल्बमसाठी ‘त्रिओ बल्गार्का’च्या तिघी गायिकांना बोलावलं. पॉप गाण्यांत, इलेक्ट्रिक गिटारच्या गदारोळातही त्या आपल्याच ढंगात, खड्या गळ्याने गायल्या. झाकोळल्या नाहीत.