पाऊस निसर्गाचा, वाटणी माणसाची

दुष्काळ पडला की आपल्या वाडवडिलांना एकच कारण सांगितले जाई : देव कोपला आणि पूर्वजन्मीचे पाप भोवले. कार्यकारणभाव मानणारा बुद्धांचा धम्म ज्या कुटुंबांनी स्वीकारला, त्यांनी या कारणाची छाननी केलीच पाहिजे. यंत्रयुगापूर्वीचा समाज हवापाण्याने कसा घडविला, या प्रश्नात आपल्याच घराण्यांचा इतिहास दडलेला आहे.

आपला परभणी जिल्हाच घ्या. मोसमी वाऱ्यांचे पुष्कळसे पाणी सह्याद्री अडवितो. येथवर येणारा पाऊस चार महिन्यांचा आणि बेभरवशाचा. परंतु गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन ओल धरून ठेवते आणि पाऊस सरल्यावरही तिच्यावर रब्बीची ज्वारी उभी राहते. या ज्वारीवर गाव जगे, सारा भरे आणि पेवे भरी. पाऊस चुकला की चारा नाही, चारा नाही म्हणून बैल नाहीत, बैल नाहीत म्हणून गाडी नाही. दूरच्या प्रांतात धान्य असले तरी ते भुकेल्यापर्यंत पोहोचत नसे. १६३० ते १६३२ च्या दुष्काळात दख्खनची गावेच्या गावे ओस पडली, त्यास अवर्षणाबरोबर हेही कारण होते.

येथवर निसर्गाचे काम झाले. आता माणसाचे काम पाहा. महाराचे बलुते म्हणजे खळ्यावरील धान्याचा वाटा. पीक बुडाले की खळे नाही, खळे नाही म्हणून बलुते नाही. पेवे मात्र वतनदार-सावकारांची. गुरे मेली की ती ओढण्याची सक्ती महारावर, आणि भुकेपोटी त्याने ते मांस खाल्ले की तोच त्याच्या विटाळाचा पुरावा! वारा पश्चिमेकडून वाहतो म्हणून अनेक गावांत महारवाडा पूर्वेस. नदी खाली वाहते म्हणून वरचा पाणवठा स्पृश्यांचा आणि खालचा आपला. वारा व प्रवाह निसर्गाने दिले. त्यांवर उच्चनीचतेची मोहर माणसाने उमटविली.

कोणी म्हणेल, पाण्याच्या टंचाईमुळेच असे कठोर नियम झाले असतील. मग महाडकडे पाहा. कोकणात धो धो पाऊस पडतो, चवदार तळे भरलेले होते. तरीही त्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. टंचाई पाण्याची नव्हती, माणुसकीची होती.

पाण्यावरून माणसे कशी वागतात, याचा दुसरा दाखला आपल्या धम्मग्रंथात आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय युद्धास सज्ज झाले, तेव्हा दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी तंटा मिटवावा, असे सिद्धार्थाने सुचविले, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मांडले आहे. नदी तीच, परंतु विवेक असेल तर वाटणी निराळी होते.

१९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर व महानदीच्या पाण्याच्या योजनांना चालना दिली, ती याच विवेकाने. पुढे जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरी धरण झाले, जायकवाडीचा कालवाही जिल्ह्यात आला. पण कालव्याचे पाणी ज्याची जमीन त्याच्याच शेतात जाते. भूमिहीनाच्या हाती काय? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते हाच प्रश्न घेऊन. आणि गायरान कसणाऱ्या कुटुंबांपुढे तो आजही उभा आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, पाऊस लांबला म्हणून नवस बोलू नका आणि मुलीला शाळेतून काढू नका. गावात पाण्याची कोणतीही योजना आली तर ग्रामसभेत उभे राहून विचारा : विहीर कोणाच्या जमिनीत, नळ कोणत्या वस्तीत, आमचा वाटा किती? मेघांवर आपली सत्ता नाही. वाटणीवर मात्र आपला हक्क आहे, आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही.

जय भीम!