काखेतलं मूल, डोक्यावरची उचल

भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीत, तानसेच्या काठी गरम पाण्याच्या कुंडांवर बाबागाडी काही कामाची नाही. ओले काठ, खडक आणि वज्रेश्वरीच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी; इथे तान्हं मूल कोणाच्या तरी अंगावरच असतं, कडेवर, खांद्यावर नाहीतर उराशी. याच तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी बाईचं मूल कधी तिच्या कडेवर असतं, तर कधी बांबूला टांगलेल्या लुगड्याच्या झोळीत. तिकडे ठाण्या-मुंबईच्या मॉलमध्ये मूल अंगाला बांधण्याचा पट्टा ‘बेबी कॅरिअर’ या नावाने हजारो रुपयांना विकला जातो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण जुनं ते सोनं म्हणून ही पद्धत उचलून धरावी, असं मला म्हणायचं नाही. मूल अंगाशी बाळगणं हा लाड नाही, तो संगोपनाचा भाग आहे आणि त्याला पुरावा आहे. मात्र त्यासाठी कापडापेक्षा जास्त गरज लागते ती सवडीची, आणि ती आपण सगळ्या आयांना सारखी दिलेली नाही.

पुराव्याची सुरुवात रडण्यापासून करू. कॅनडातल्या माँट्रियल शहरात हन्झिकर आणि बार या दोन डॉक्टरांनी ९९ माता-बालकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले. एका गटातल्या आयांना सांगितलं, मूल रडो वा न रडो, रोज किमान तीन तास जास्त उचलून घ्या. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा आठवड्यांच्या वयात या गटातली मुलं दुसऱ्या गटापेक्षा ४३ टक्के कमी रडत होती आणि संध्याकाळच्या किरकिरीच्या वेळी तर ५१ टक्के कमी. इथे ‘रडो वा न रडो’ हे शब्द महत्त्वाचे. मूल रडल्यावर उचलणं हा उपाय झाला. ते एरवीही अंगाजवळ असणं ही झाली दिनचर्या, आणि फरक दिसला तो दिनचर्येने. अर्थात सगळे प्रयोग याच बाजूने बोलत नाहीत. बार यांनीच पोटशुळाने सतत रडणाऱ्या मुलांवर हा उपाय करून पाहिला, तेव्हा फायदा दिसला नाही. १९९५च्या एका ब्रिटिश अभ्यासातही रडणं घटलं नाही. म्हणजे मूल उचलून घेणं हे रडं थांबवायचं औषध नव्हे. निरोगी मुलाची कुरकुर त्याने कमी होऊ शकते, एवढाच दावा प्रामाणिक आहे.

रडण्यापेक्षा मोठा प्रश्न जिव्हाळ्याचा. न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ अ‍ॅनिसफेल्ड आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या ४९ बाळंतिणींपैकी काहींना मूल अंगाला बांधायची मऊ झोळी दिली, काहींना मूल बसवायची प्लॅस्टिकची खुर्ची. मुलं तेरा महिन्यांची झाल्यावर आई खोलीबाहेर जाऊन परत येते तेव्हा ती कशी वागतात, हे तपासलं. आई दिसताच सावरणारी, तिच्यावर विसंबणारी मुलं झोळीच्या गटात ८३ टक्के होती, खुर्चीच्या गटात ३८. हा अभ्यास १९९०चा आणि लहान आहे, त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. पण त्याचं मोल असं की कोणाला काय मिळणार हे आयांनी ठरवलं नव्हतं. त्यामुळे ‘मुळातच मायाळू आया मूल जास्त घेतात’ ही शंका इथे टिकत नाही. अंगाजवळच्या मुलाची चुळबुळ, भुकेची पहिली खूण, झोपेची पहिली जांभई आईला रडण्याआधी कळते. अशा शेकडो छोट्या हाकांना वेळेवर ‘ओ’ मिळाली की मुलाचा माणसांवर विश्वास बसतो. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या २०१३च्या प्रयोगाने याची शारीरिक बाजूही दाखवली: मूल घेऊन आई नुसती बसण्याऐवजी चालू लागली की त्याचं रडणं थांबत होतं आणि हृदयाचे ठोकेही मंदावत होते. अंगणात मूल घेऊन फेऱ्या मारणाऱ्या प्रत्येक आजीला हे ठाऊक असतं.

या जवळिकीची सर्वांत मोठी कसोटी लागली ती कमी वजनाच्या बाळांवर. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा इथे काचपेट्या अपुऱ्या पडल्या, म्हणून डॉ. एडगर रे यांनी अशी बाळं आईच्या छातीला उघड्या अंगाने बांधायला सुरुवात केली. हीच ‘कांगारू मदर केअर’. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात, एक ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांपैकी ज्यांना जन्मल्याबरोबर ही ऊब मिळाली त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते; प्रकृती स्थिरावेपर्यंत वाट पाहिलेल्यांत १५.७ टक्के. हे निष्कर्ष २०२१चे. धडधाकट मुलाला कपड्यावरून झोळीत घेणं आणि हे उपचार एक नव्हेत. पण आईचं अंग हीच बाळाची पहिली जागा, हे यातून पुरेसं स्पष्ट होतं.

यावर घराघरातला आक्षेप ठरलेला: हाताची सवय लागेल, मग खाली उतरणारच नाही. पण माँट्रियलमधली जास्त उचललेली मुलं उलट कमी रडली. न्यूयॉर्कमधल्या झोळीतल्या मुलांना आई परतल्यावर सावरणं सोपं गेलं. ज्याला जवळ घेतलं जाण्याची खात्री असते तेच मूल निर्धास्तपणे दूर रांगत जातं. मात्र मूल दिवसभर बांधूनच ठेवावं असा याचा अर्थ नाही. पालथं पडणं, लोळणं, सरकणं यासाठी त्याला सतरंजीही हवी.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो खरा आहे. पिशवीसारख्या खोल झोळीत हनुवटी छातीला टेकली किंवा नाक कापडात रुतलं तर तान्ह्याचा श्वास कोंडतो. वीस वर्षांत असे १४ मृत्यू नोंदल्यावर अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० साली इशारा दिला. त्यांतली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती. म्हणून मूल उभं, घट्ट, उंचावर, आपल्याला त्याच्या माथ्याची पापी घेता येईल असं हवं. तोंड सतत दिसायला हवं. मांड्या फाकलेल्या, गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर, म्हणजे कडेवर बसतं तसं. खुब्याच्या सांध्याला हीच ठेवण मानवते. आणि कोकणपट्टीच्या उकाड्यात विदेशी जाड पट्ट्यापेक्षा एकेरी सुती कापड केव्हाही बरं. अकाली जन्मलेल्या किंवा आजारी बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मूल अंगावर बाळगण्याचं कौतुक म्हणजे बाईच्या खांद्यावर आणखी एक ओझं, आणि गरिबीला दिलेला गोड मुलामा. वीटभट्टीवरची झोळी ही निवड नाही. दिवाळीनंतर भट्टी सुरू होण्याआधीच कुटुंबाने मालकाकडून आगाऊ रक्कम घेतलेली असते. तिला ‘उचल’ म्हणतात आणि ती हंगामभर राबून फेडायची असते. डोक्यावर उचल असलेल्या आईला मूल उचलायला सवड कुठून? तिचं मूल झोळीत असतं ते आईजवळ असावं म्हणून नव्हे, धुळीत, धुरात पडू नये म्हणून. कायदा इथपर्यंत पोहोचत नाही. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर आणि मुलाला दिवसातून चारदा भेटण्याची मुभा आली, पण ती संघटित नोकरीतल्या बाईपुरती. भट्टीवरच्या बाईच्या वाट्याला फार तर मातृवंदना योजनेचे काही हजार रुपये.

म्हणून मूल अंगाशी बाळगण्याचं समर्थन करायचं तर ते इथवर न्यावं लागतं. वज्रेश्वरीजवळच्या उसगावातून श्रमजीवी संघटना १९८२पासून वेठबिगारीशी झुंजते आहे. तिच्याच परिवारातल्या विधायक संसदेने भट्टीवरच्या मुलांसाठी, मजुरांच्या भोंग्यांजवळच, म्हणजे झोपड्यांजवळच, भोंगाशाळा काढल्या. शाळा भोंग्यापर्यंत जाऊ शकते, तर पाळणाघरही जाऊ शकतं, आणि दूध पाजायची, मूल घ्यायची सुट्टी मजुरीत कपात न होता मिळू शकते. दुसरी गोष्ट घरातली. खांदा बापालाही असतो. जनाबाईच्या विठोबाला लेकरं अंगाखांद्यावर घेताना कमीपणा वाटला नाही. मग आपल्या घरातल्या पुरुषांनी तान्ह्याला बिलगून घ्यायला कोणाची हरकत आहे? मूल अंगाशी असणं चांगलं, हे विज्ञानाने बऱ्यापैकी दाखवून दिलं आहे. ते कोणाच्या अंगाशी, किती वेळ आणि कोणाच्या मजुरीला कात्री लावून, हे मात्र आपण ठरवायचं आहे.