विश्लेषण : ‘आपल्या’ बँकेवरचा विश्वास कशामुळे बुडतो?

अंधेरी-बोरिवली असो वा मुलुंड-घाटकोपर, सहकारी बँकेतले खाते सहसा जाहिरात पाहून उघडले जात नाही. शेजारच्या काकांचे तिथे खाते असते, काउंटरवरचा कर्मचारी नावाने हाक मारतो आणि मुदत ठेवीवर व्याज थोडे जास्त मिळते. मग सोसायटीचा निधीही तिथेच जातो. ‘माणसे ओळखीची आहेत’ एवढे तारण पुरेसे वाटते. २४ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह म्हणजेच पीएमसी बँकेच्या शाखांबाहेर रांगा लागल्या, तेव्हा या तारणाची किंमत कळली. रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांनुसार सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येणार होते. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली.

नेमके काय लपवले गेले?

पीएमसीचे मुख्यालय भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये होते. हा मॉल बांधणारी एचडीआयएल हीच बँकेची सर्वांत मोठी कर्जदार. सप्टेंबर २०१९ मध्ये बँकेची एकूण कर्जे सुमारे ८,८८० कोटी रुपयांची होती. त्यातले सुमारे ६,५०० कोटी, म्हणजे ७० टक्क्यांहून अधिक, या एकाच समूहाकडे असल्याचे नंतर उघड झाले. प्रसिद्ध झालेल्या ताळेबंदात मात्र ढोबळ थकीत कर्जे चार टक्क्यांच्याही आत होती.

हे कसे जमले? पोलिसांत दाखल गुन्ह्यानुसार, अडचणीतील ४४ कर्जखाती दडवण्यासाठी त्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती दाखवण्यात आली. ही खाती छोट्या रकमांची आणि ठेवींच्या तारणावरची असल्याचे भासवल्याने तपासणीत त्यांच्याकडे लक्ष गेले नाही. एका कर्जदाराचे नाव झाकायला हजारो न-कर्जदार तयार करावे लागले आणि ते प्रत्येक तिमाहीला जुळवत राहावे लागले. हे एका माणसाचे, एका रात्रीचे काम नव्हे. यातील आरोपांवर अंतिम निर्णय न्यायालयाचा असेल.

‘बँकेच्या नावासाठी’ लपवणे म्हणजे काय?

तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनी २१ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेला पत्र पाठवून माहिती दडवल्याचे मान्य केले. बँकेची बदनामी होईल, ही भीती त्यांनी कारण म्हणून दिली होती. या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग हाच आहे. लोकांचा विश्वास म्हणजे बँकेचे नाव, आणि नाव टिकवायचे तर वाईट बातमी बाहेर जाता कामा नये, हा हिशेब कानाला निष्ठेसारखा वाटतो. प्रत्यक्षात ज्यांच्या विश्वासाची काळजी असल्याचे सांगितले जाते, त्यांनाच अंधारात ठेवले जाते. थकबाकी पहिल्या वर्षी सांगितली असती तर बँकेचा नफा घसरला असता, भागधारक चिडले असते, कदाचित संचालकांच्या खुर्च्या गेल्या असत्या. ठेवीदारांवर मात्र १,००० रुपयांसाठी रांगेत उभे राहण्याची वेळ बहुधा आली नसती.

पत्रापूर्वीच बँकेच्या कर्ज विभागातील काही महिला कर्मचाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेला गैरप्रकाराची कल्पना दिली होती, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. नोकरी पणाला लावून बोलणे आणि भांडे फुटत असताना कबुली देणे, यांना एकाच मापाने मोजता येत नाही. सचोटी या शब्दाला काही अर्थ असेल तर तो पहिल्या कृतीत आहे. गंमत म्हणजे त्या कर्मचाऱ्यांची नावे ठेवीदारांना माहीतही नाहीत. विश्वास मात्र ओळखीच्या चेहऱ्यांवर होता.

त्यानंतर काय बदलले?

भरपाईची बाजू नक्कीच सुधारली. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आली.

बोलणाऱ्याची बाजू मात्र दुबळीच राहिली. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवणारी योजना आणली, ती खासगी आणि परदेशी बँकांसाठी. नागरी सहकारी बँका तिच्यात नव्हत्या. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, तिथेच गुप्ततेची गरज जास्त असते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. या वेळी मामला किचकट कर्जांचा नव्हता. तिजोरीतील १२२ कोटी रुपयांच्या रोकडीचा अपहार झाल्याचा आरोप होता. नोंदवहीतला आकडा आणि तिजोरीतल्या नोटा ताडून पाहणे हे बँकेतले सर्वांत साधे काम. तरीही तफावत उघड झाली ती रिझर्व्ह बँकेची तपासणी झाली तेव्हा. वरिष्ठाला ‘मोजून दाखवा’ म्हणणे आपल्याकडे अविश्वासाचे लक्षण मानले जाते. खरे तर प्रामाणिक अधिकाऱ्याने स्वतःच मोजणीचा आग्रह धरायला हवा, कारण त्याचा प्रामाणिकपणा दाखवणारा दुसरा पुरावा त्याच्याकडे नसतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवी वाचल्या. पीएमसीच्या ग्राहकांचे नशीब एवढे बरे नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला विम्याचे संरक्षण मिळाले. त्यावरच्या ठेवी हप्त्याहप्त्याने देण्याचे ठरले. ज्यांची रक्कम मोठी, त्यांच्या शेवटच्या हप्त्याची मुदत दहा वर्षांची, म्हणजे २०३२ ची आहे. निवृत्तीच्या वेळी, साठाव्या वर्षी पैसे ठेवून २०१९ च्या रांगेत उभा राहिलेला ठेवीदार तेव्हा ७३ वर्षांचा असेल.