कडू पेल्याची किंमत

मद्याविषयी लिहावयाचे म्हटले की आपल्याकडे दोनच सूर लागतात : एक दारूबंदीच्या व्यासपीठावरचा, दुसरा मैफलीतला. मद्य ही चव असलेली एक वस्तू आहे आणि नाटकाचे किंवा मिसळीचे करतो तसे तिचेही परीक्षण करता येते, ही गोष्ट दोन्ही सुरांना मानवत नाही. आपला कायदाही या संकोचात भरच घालतो. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही अंमलात आहे आणि परवान्यावाचून बिअरचा घोट घेणे हा त्यानुसार अपराध ठरतो.

अंधेरीत हल्ली लहान प्रमाणावर, निगुतीने बनविलेली बिअर मिळते. तिच्यातील ‘पेल एल’ या प्रकाराचा एक पेला प्रस्तुत लेखकाने अलीकडे चाखला. रंग तांबूस सोनेरी, फेस दाट आणि टिकाऊ. नाकाशी नेताच संत्र्याच्या सालीचा वास, पहिल्या घोटाला भाजलेल्या धान्याचा मंद गोडवा, आणि मागाहून जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा कडवटपणा. पाडव्याला कडुनिंब चावणाऱ्या आणि कारल्याच्या काचऱ्या आवडीने खाणाऱ्या माणसाने या कडूपणाला बिचकण्याचे कारण नाही. दोष सांगावयाचा तर पेला इतका गार होता, की निम्मा संपेपर्यंत वास मोकळा झाला नाही. आपल्याकडे बर्फगार असणे हाच बिअरचा एकमेव गुण समजला जातो, त्याला बनविणारा तरी काय करणार ?

हा कडवटपणा हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा. तो चवीपुरता नसतो, बिअर नासविणाऱ्या जंतूंनाही तो आवर घालतो. म्हणूनच अधिक हॉप घातलेली एल अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनहून जहाजांतून मुंबई, मद्रास, कलकत्त्यास येऊ लागली. बो येथील हॉजसन या उत्पादकाने खास या प्रवासासाठी तिचा शोध लावला, ही कथा रंजक खरी, पण इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. हॉजसनचे खरे बळ चवीत नव्हे, उधारीत होते. त्याचा कारखाना गोदीजवळ होता आणि कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना तो दीर्घ मुदतीची उधारी देई. पुढे बाजार मुठीत आल्यावर या घराण्याने भाव चढविले, उधारी बंद केली. तेव्हा 1822 च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या एका संचालकाने बर्टनच्या सॅम्युएल ऑल्सॉपला या व्यापारात उतरविले, आणि बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्यातील एल सरस ठरली. मक्तेदारी मोडल्यावर माल सुधारतो, याचे इतके चविष्ट उदाहरण पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

ही एल हिंदुस्थानच्या नावाने जगभर ओळखली जाते. 2009 मध्ये पुण्यात ‘डूलॅली’ ही छोटी ब्रूअरी सुरू झाली. पुढे ती अंधेरीतही आली. तिचे नाव आपल्या देवळालीवरून पडलेले. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत कंटाळलेल्या गोऱ्या सोजिरांनी ‘वेडा’ या अर्थाने हा शब्द रूढ केला होता.

आता किमतीकडे वळू. 330 मिलिलिटरच्या पेल्यात 5 टक्के मद्यार्क धरल्यास तो साडेसोळा मिलिलिटर भरतो. पेल्याला साडेतीनशे रुपये पडले, तर मद्यार्काचा मिलिलिटर एकवीस रुपयांना पडला. जून 2025 मध्ये शासनाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची 180 मिलिलिटरची किमान किंमत 205 रुपये ठरविली. त्या बाटलीत 42.8 टक्क्यांप्रमाणे 77 मिलिलिटर मद्यार्क, म्हणजे मिलिलिटरला पावणेतीन रुपयेही नाहीत. पेल्याच्या किमतीत जागेचे भाडे, वाढप्याचा पगार व वातानुकूलन यांचा वाटा मोठा असतो, हे मान्य. पण दुकानातील बाटल्यांतही तऱ्हा तीच. 650 मिलिलिटरच्या 8 टक्क्यांच्या बिअरमध्ये 52 मिलिलिटर मद्यार्क, 5 टक्क्यांच्या बिअरमध्ये साडेबत्तीस. किमतीत मात्र तितकी तफावत नसते. महिनाअखेरीचा हिशेब करणारा कारकून यातून कोणता धडा घेईल ? बिअर व वाइनसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 ही वयोमर्यादा घालताना जो विवेक कायद्याला सुचतो, तो भाव ठरताना कोठे जातो ?

यावर कडक मद्याचा कर आणखी वाढवा, असे कोणी म्हणेल. ते धोक्याचे आहे. अंधेरीपासून चार स्थानकांवर मालाड. तेथील मालवणीत जून 2015 मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. अधिकृत दारू महाग झाली की गरीब पिणारा पिणे सोडत नाही, दुकान बदलतो. म्हणून तफावत कमी करावयाची ती सौम्य बिअरवरील कर उतरवून. महसूल बुडेल, ही भीतीही तपासून पाहण्याजोगी आहे. वाढलेल्या शुल्कामुळे बिअरचा खप व उत्पन्न घटल्याच्या तक्रारीवरूनच ऑक्टोबर 2023 मध्ये शासनाला अभ्यासगट नेमावा लागला होता. सौम्य बिअरचे शुल्क मद्यार्काच्या मिलिलिटरमागे आकारून पाहावे आणि दोन वर्षांनी खपाचे व महसुलाचे आकडे जनतेपुढे मांडावेत.